पुढच्या हाताची गोष्ट



गेल्या दिवाळीत आपल्या 'दहावी १९७९' या ग्रुपवर मी एक फोटो टाकला होता. निवृत्तीनंतर पुन्हा बिलियर्डच्या टेबलाकडे वळलो, त्याचा तो फोटो. नेहमीप्रमाणे अंगठे, फुले आणि नमस्कार आले. मग एका मैत्रिणीने विचारले, "उजव्या हातात काठी आहे ते कळलं, पण डाव्या हाताची ही कसली मुद्रा? भरतनाट्यम शिकतोयस का?" मी लिहिले, "याला ब्रिज म्हणतात. पूल खेळताना हाताचा पूल करावा लागतो." त्यावर आणखी कोणीतरी "पुलावरचा पूल" अशी कोटी केली आणि विषय हसण्यावारी गेला. पुढे 'तुझ्या छंदावर काहीतरी लिही' असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा ठरवले की मैत्रिणीच्या त्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे. उत्तर थोडे लांब आहे. ते युरोपातल्या राजवाड्यांतून निघून आपल्या गावच्या रेल्वे इन्स्टिट्यूटपर्यंत येते.

आधी एक खुलासा. खेळातला 'पूल' आणि नदीवरचा पूल यांचा काही संबंध नाही. सर्वांनी मिळून पैजेचे पैसे एकत्र ठेवायचे, त्या रकमेला पूल म्हणत. त्यावरून खेळाला ते नाव पडले. हाताच्या ब्रिजला मात्र पुलाचाच अर्थ आहे. उजव्या हाताने खेळणारा डावा पंजा टेबलावर टेकवतो, बोटे पसरतो, सांधे जरा वर उचलतो आणि अंगठा तर्जनीला चिकटवून उभा करतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी खोबण तयार होते, तिच्यावरून क्यू, म्हणजे खेळायची काठी, पुढेमागे सरकते. पाहणाऱ्याचे लक्ष मारणाऱ्या हाताकडे असते. नेम मात्र बहुतेक पुढच्या हातावर असतो.

हे मी कौतुकाने म्हणत नाही. आपल्या गणिताच्या सरांना पटेल असा त्याचा हिशेब आहे. समजा, क्यूच्या टोकापासून पुढचा हात २५ सेंटिमीटरवर आहे आणि त्याच्यामागे ७५ सेंटिमीटरवर मागच्या हाताची पकड आहे. पुढचा हात स्थिर राहून मागचा हात ३ मिलिमीटर बाजूला सरकला, तर टोक उलट्या बाजूला १ मिलिमीटरच सरकते. उलट, मागचा हात स्थिर राहून पुढचा ३ मिलिमीटर हलला, तर टोक ४ मिलिमीटर सरकते. म्हणजे पुढच्या हाताची तेवढीच चूक चौपट महाग पडते. पुढचा हात घट्ट असेल, तर तो मागच्या हाताचा कंप निम्म्याहून अधिक पोटात घालतो.

गंमत अशी, की हा खेळ सुरू झाला तेव्हा या हाताला काही कामच नव्हते.

बिलियर्ड मुळात हिरवळीवर खेळायचा खेळ होता. जमिनीवरचे चेंडू दांड्याने ढकलायचे, कमानीतून न्यायचे, असे त्याचे रूप होते. पंधराव्या शतकात तो घरात आणि टेबलावर आला. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याकडे असे टेबल असल्याचे सांगितले जाते. टेबलावरच्या कापडाचा हिरवा रंग त्या हिरवळीचीच आठवण आहे. शेक्सपिअरने तर 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये इजिप्तच्या राणीलाच बिलियर्डची आठवण काढायला लावली आहे. राणीच्या काळात हा खेळ नव्हता, पण नाटक पाहणाऱ्या लंडनकरांना तो चांगला माहीत होता, एवढे त्यावरून कळते. १६७४ साली चार्ल्स कॉटन यांचे 'द कम्प्लीट गेमस्टर' हे खेळांवरचे पुस्तक निघाले. त्यात बिलियर्डचे वर्णन आहे आणि टेबलावर तेव्हाही एक छोटी कमान आणि एक खुंटी उभी आहे.

त्या काळी हातात क्यू नसे, मेस असे. मेस म्हणजे गदा. लांब दांडा आणि पुढे जाड, सपाट तळाचे लाकडी डोके. ते डोके टेबलावर टेकवायचे, दांड्याचे शेपूट खांद्याच्या बाजूला वर ठेवायचे आणि चेंडू पुढे लोटायचा. डोके टेबलावरच टेकलेले असल्यामुळे काठीला आधार द्यायला दुसरा हात लागत नसे. माणूस ताठ उभा राहून, कपड्याची घडी न मोडता खेळू शकत असे.

अडचण यायची ती चेंडू कडेच्या कुशनला चिकटून थांबला की. मेसचे जाड डोके तिथे मावत नसे. मग खेळाडू मेस उलटी करायचे आणि तिच्या बारीक शेपटाने चेंडूला टोला द्यायचे. फ्रेंच भाषेत शेपटीला 'क्यू' म्हणतात. काठीचे आजचे नाव तिथून आले. सतराव्या शतकाच्या अखेरीकडे लोकांच्या लक्षात आले, की शेपटाने मारलेला टोला डोक्याने लोटण्यापेक्षा नेमका बसतो. हळूहळू डोके गळून पडले आणि शेपूट तेवढे राहिले.

काठी उलटी झाली, त्या क्षणी एक नवा प्रश्न उभा राहिला. शेपटाला टेकायला तळ नव्हता. बारीक टोक हवेत डगमगायला लागले. त्याला खालून आधार द्यायला कोणाचा तरी रिकामा हात पुढे आला, आणि ब्रिज जन्माला आला. तो हात कोणाचा होता, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. बहुधा तो एकाचा नसावाच. अडलेल्या प्रत्येकाने तो आपापला शोधला असणार, जसा विहिरीवर ओणवे होताना आपला हात आपोआप कठड्यावर जातो.

क्यू सर्वांना लगेच मिळाली नाही. टोकदार काठीने कापड फाटते, अशी मालकांना भीती असे. त्यामुळे नवशिक्यांना मेसच दिली जायची. स्त्रियांच्या हाती तर मेसच द्यायची, अशी रीत युरोपात बराच काळ होती. म्हणजे पुढचा हात टेबलावर टेकवायचा, हाही एके काळी परवानगीचा विषय होता.

पुढच्या दीडशे वर्षांत खेळ बदलवणाऱ्या सुधारणा झाल्या आणि त्यांच्याभोवती नावे आहेत. फ्रान्सचे कॅप्टन फ्रांस्वा मँगो राजकीय कारणाने तुरुंगात होते. तिथे असताना त्यांनी क्यूच्या टोकाला चामड्याची चकती लावून पाहिली, असे सांगतात. १८०७च्या सुमाराची ही गोष्ट. नुसते लाकडी टोक चेंडूच्या मध्यावर लागले तर ठीक, जरा बाजूला लागले की घसरायचे. चामडे चेंडूला धरते. त्यामुळे चेंडूच्या वर, खाली किंवा बाजूला टोला देऊन त्याला फिरकी देता येऊ लागली. इंग्लंडमध्ये बाथ शहरातल्या बिलियर्डच्या खोल्यांत जॅक कार नावाचे मार्कर होते, म्हणजे गुण मोजणारे आणि टेबल सांभाळणारे नोकर. बाजूला टोला देऊन चेंडू वळवण्याच्या कसबासाठी ते प्रसिद्ध झाले. 'फिरकीचा खडू' म्हणून ते खडू विकत. जादू त्या खडूत आहे असे गिऱ्हाइकांना वाटे. खडूचे काम एवढेच, की चामडे घसरू नये. १८२६ साली लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी लाकडी फळ्यांऐवजी दगडी पाटीचा तळ असलेले टेबल बनवले आणि पुढे कडांना रबराचे कुशन आले.

या प्रत्येक सुधारणेने पुढच्या हाताचे काम वाढवले. पूर्वी चेंडूच्या मध्यावर टोला द्यायचा, म्हणून हाताने एकच उंची धरली की भागे. आता चेंडू मागे खेचायचा तर पंजा सपाट करून क्यू खाली न्यायची, पुढे पळवायचा तर सांधे उचलून ती वर न्यायची. मध्ये दुसरा चेंडू आडवा आला तर चार बोटांच्या शेंड्यांवर तंबूसारखा उंच हात उभा करायचा. चेंडू कुशनला चिकटला तर हात टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवायचा. हात पोहोचलाच नाही, तर रेस्ट नावाची काठी घ्यायची. तिच्या टोकाला धातूचा आडवा खाचा असतो. तोही हाताचाच ब्रिज, फक्त धातूचा.

हळूहळू ब्रिजची दोन घराणी झाली. पॉकेट नसलेल्या टेबलावरच्या कॅरम बिलियर्डमध्ये आणि अमेरिकन पूलमध्ये अनेक जण तर्जनी क्यूवरून वळवून अंगठ्याला टेकवतात. अंगठीसारखा वेढा तयार होतो आणि जोराच्या टोल्याला क्यू वर उसळत नाही. स्नूकरवाले वर सांगितलेली उघडी खोबण वापरतात. बारा फुटी टेबलावर लांबचा नेम धरताना हनुवटी क्यूवर टेकलेली असते आणि नजर क्यूच्या रेषेतून जाते. मध्ये बोटाचा वेढा आला, तर ती रेषा झाकली जाते. शिवाय पूलच्या क्यूचे टोक १२-१३ मिलिमीटरचे, तर स्नूकरचे ९-१० मिलिमीटरचे असते आणि काठी मागे जाड होत जाते. असा निमुळता दांडा वेढ्यातून सरकताना अडखळतो, खोबणीतून सहज जातो.

आता भारताकडे येऊ. स्नूकर हा खेळ जन्माला आला तोच आपल्याकडे. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांतात, नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने एका जुन्या खेळात रंगीत चेंडूंची भर घातली. हे चेंबरलेन म्हणजे पुढचे पंतप्रधान नव्हेत. लष्करी शाळेतल्या नवख्या मुलांना 'स्नूकर' म्हणून चिडवत, तेच नाव खेळाला पडले. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम ठरले, आणि १८८५च्या दौऱ्यात जॉन रॉबर्ट्स या नामांकित खेळाडूने कलकत्त्यात ते समजून घेऊन इंग्लंडला नेले. नंतर पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्डचे जागतिक हौशी विजेते झाले, आणि १९६४ साली पुन्हा. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७ साली त्याच विजेतेपदाला पोहोचले, तेव्हा आपण आठवी-नववीत होतो.

इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीतल्या त्या टेबलाशी मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेही त्याच वर्षी. वडील रेल्वेत, म्हणून आत शिरायला मिळाले. मुलांनी क्यूला हात लावायचा नाही, असा नियम होता. मोठी माणसे पावसाने अडकली की मार्करमामा आम्हाला थोडा वेळ देत. आपल्यातल्या चार-पाच जणांना ते नक्की आठवतील. खाकी पँट, हातात ब्रश. ते कापड ब्रशने एका दिशेने झाडायचे, त्यावर इस्त्री फिरवायचे, टिपा चिकटवायचे, गुण मांडायचे. एखाद्या साहेबाला जोडीदार नसला तरच खेळायचे, आणि साहेबाचा मूड पाहून हरायचे.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. मी जन्माने डावखुरा. पहिलीत पाटीकडे डावा हात गेला की त्यावर लाकडी पट्टी बसायची. यात कोणा एकाला दोष नाही. घरीही आजी डाव्या हातावर प्रसाद ठेवत नसे. 'डावलणे' हा शब्दच आपल्या भाषेत डाव्यावरून आलेला वाटावा, अशी तेव्हाची समजूत होती. वर्षभरात मी उजव्या हाताने लिहू लागलो. अक्षर कसे होते ते आपल्याला ठाऊकच आहे. मराठीच्या बाईंनी एकदा माझा निबंध वर्गाला 'लिपी ओळखा' म्हणून दाखवला होता. डावा हात मात्र तेव्हापासून खिशातच राहायला शिकला. फळ्यासमोर उभे राहायचे तर तो पाठीमागे, प्रार्थनेला मुठीत.

त्यामुळे मामांनी क्यू दिली, तेव्हा मी ती उजव्या हातात घेतली आणि डाव्याचे काय करायचे ते सुचेना. मी तो टेबलावर ठेवला, तो घट्ट दाबून, जणू कोणी काढून घेईल म्हणून. मामा म्हणाले, "टेकव, रोवू नको." मग कापडावर टिचकी मारून म्हणाले, "याच्याखाली पाटी आहे. पाटीवर हात ठेवतोस तसा ठेव."

पाटीवर डावा हात कसा ठेवायचा, हे मला कोणी शिकवले नव्हते. मामांनी माझी बोटे एकेक करून पसरली, सांधे उचलले, अंगठा उभा केला. मी टोला दिला. चेंडू गेला कुठेतरी, पण क्यू हलली नाही. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि विचारले, "पोरा, तू डावखुरा का रे?" मी, चोरी पकडल्यासारखा, नाही म्हणालो. ते म्हणाले, "असशील तर बरंच आहे. हुशार हात पुढे पाहिजे. मारायचं काम कुणीही करेल."

हे त्यांचे मत झाले. डावखुऱ्याने डावा हात मागेच ठेवावा, असेच बहुतेक जाणकार सांगतील. पण पुढे वाचताना मला ऑस्ट्रेलियाचे वॉल्टर लिंड्रम भेटले आणि मामांची आठवण झाली. लहानपणी एका अपघातात लिंड्रम यांच्या उजव्या तर्जनीचे टोक तुटले. वडील स्वतः पट्टीचे खेळाडू. त्यांनी मुलाला क्यू डाव्या हातात धरायला शिकवले. म्हणजे तुटक्या बोटाचा उजवा हात पुढे, ब्रिजला गेला. याच लिंड्रम यांनी जानेवारी १९३२मध्ये लंडनला जो डेव्हिस यांच्याविरुद्ध एका खेपेत ४,१३७ गुण केले. त्यांचे खास अस्त्र म्हणजे तिन्ही चेंडू कुशनजवळ गोळा करून, इंच-इंच सरकवत, शेकडो हलके टोले देणे. तिथे चेंडूंच्या गर्दीत पंजा ठेवायला जागा नसते. चुकून बोट चेंडूला लागले तरी डाव जातो. ही नाजूक कामगिरी त्या अधू बोटाच्या हाताने पार पाडली. शेवटी त्यांना आवर घालायला नियम बदलावे लागले.

हात बदलण्याची बंदी या खेळात कधीच नव्हती, तरी मनातला डावे-उजवेपणा तिथेही सुटलेला नाही. १९९६च्या जागतिक स्नूकर स्पर्धेत रॉनी ओ'सुलिव्हन काही टोले डाव्या हाताने खेळले. प्रतिस्पर्ध्याला तो अपमान वाटला. डाव्या हातानेही आपण तितकेच गंभीरपणे खेळतो, हे ओ'सुलिव्हन यांना नंतर खेळून दाखवावे लागले.

मी काही विजेता झालो नाही. बँकेत नोकरी केली, उजव्या हाताने सह्या केल्या. साठीनंतर उजव्या हाताला कंप सुरू झाला. चहाचा कप बशीत वाजू लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वयाचा आहे, घाबरू नका. टेबलावर मात्र तो कंप फारसा दिसत नाही. वर मांडलेला हिशेब मला पुस्तकातून नव्हे, असा कळला.

इन्स्टिट्यूटमधले ते टेबल आता नाही. विजेत्यांच्या नावांचा लाकडी फळा बरीच वर्षे भिंतीवर होता. त्यावर मामांचे नाव असण्याचा प्रश्न नव्हता; मार्करला स्पर्धेत उतरता येत नसे. चामड्याची टिप, दगडी पाटी, रंगीत चेंडू यांच्या इतिहासात नावे सापडतात. ब्रिजचा इतिहास असा लिहिता येत नाही, कारण तो एकाने दुसऱ्याची बोटे धरून, पसरून, उचलून पुढे दिला. माझ्यापुरते त्या साखळीतले आधीचे माणूस म्हणजे मार्करमामा, आणि ते नोंदवायला आपल्या स्मरणिकेखेरीज दुसरी जागा मला ठाऊक नाही.

तेव्हा ज्या मैत्रिणीने प्रश्न विचारला, तिने मेळाव्याला जरा लवकर यावे. टेबल मिळणार नाही, पण आपल्या वर्गातला एखादा बाक पुरेल. बोटे कशी पसरायची ते मी करून दाखवीन. पहिलीच्या बाई येणार आहेत असे कळले. त्यांनाही दाखवीन. क्यू नसली तरी अडणार नाही. लाकडी पट्टी चालेल.